दोन दारांतला वारा

वारावहिनींचं खरं नाव इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताचं घर, दारातच शिवणयंत्र, आणि यंत्रामागे कायम तोंडात दोन टाचण्या धरून बसलेली बाई म्हणजे वारावहिनी. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्यांच्या खोळी असलं सरळ शिवणकाम त्या करत. ब्लाउज-झबली शिवायला सांगितली तर म्हणायच्या, "माणसांच्या अंगाची मापं बदलतात हो, खिडक्यांची बदलत नाहीत."

उन्हाळा आला की मात्र त्यांच्यात सेनापती संचारायचा. पहाटे पाचला घरातली एकूण एक खिडकी सताड उघडी. इस्त्री सहाच्या आत, स्वयंपाक आठच्या आत. नऊ वाजता खिडक्या बंद आणि पडदे खाली. पडदेही असे तसे नाहीत. बाहेरून पांढरं कापड, आतून गडद, मध्ये जुन्या घोंगडीचं अस्तर, आणि ते लावायचे काचेच्या बाहेर. "ऊन एकदा काचेतून आत आलं की मुक्कामच ठोकतं," त्या सांगत. "त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावायचं." घरात पंखा एकच, टेबलावरचा. तोही संध्याकाळी खिडकीत, खोलीकडे पाठ करून, घरातली गरम हवा बाहेर फेकायला. खालून जाणारे हसायचे, "वहिनी, रस्त्याला वारा घालताय का?" त्या म्हणायच्या, "रस्ता तरी उपकार जाणतो."

विजेच्या बाबतीत तर त्या कंजूष नव्हेत, कडवट होत्या. जिन्यातला दिवा दिवसाढवळ्या जळताना दिसला की शिवण टाकून उठायच्या, बंद करायच्या आणि कुणी ऐको न ऐको, पुटपुटायच्या, "वीज काय झाडाला लागते?"

हे सगळं सुरू झालं ते भाऊंपायी. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. सगळी हयात त्यांनी पावाच्या कारखान्यात भट्टीपुढे काढली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते कामावरून आले की त्यांच्या कपाळावर हात ठेवणं म्हणजे तव्याला हात लावणं होतं. त्या हाताला लागलेल्या चटक्यातून वहिनींनी मनाशी ठरवलं, की या माणसाला घरी आल्यावर ऊन म्हणजे काय ते कळता कामा नये. विकतचा गारवा तेव्हा परवडण्यातला नव्हता, म्हणून त्यांनी तो हाताने करायला घेतला. पुढे परवडलाही असता, पण तोवर हात बसला होता, आणि हात बसलेल्या माणसाला आयतं मिळालेलं गोड लागत नाही.

या सगळ्या खटाटोपाचा कणा होता समोरचं दार.

समोर राहायच्या बाई. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. एकट्याच, लेक परदेशी. बाईंच्या खिडक्या पूर्वेला, वहिनींच्या पश्चिमेला, मध्ये चार पावलांचा जिना. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी दोघींची दारं योगायोगाने एकाच वेळी उघडी राहिली आणि वहिनींच्या यंत्रावरचं कापड उडून थेट जिन्यात गेलं. वहिनी कापड उचलायला गेल्या आणि तिथेच थबकल्या. बाईंच्या घरातून निघालेला वारा वहिनींचं अख्खं घर ओलांडून पश्चिमेला बाहेर पडत होता. संध्याकाळी हाच वारा उलट फिरतो हेही त्यांनी त्याच दिवशी ताडलं.

"बाई, तुमचं दार उघडं असेल तर माझं घर गार, आणि माझं असेल तर तुमचं," वहिनी म्हणाल्या.

"मग उघडंच ठेवू की," बाई म्हणाल्या. "वाऱ्यालाही माहेर-सासर हवंच."

झालं. ना कागद, ना शपथ. बावीस उन्हाळे पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते निजेपर्यंत दोन्ही दारं उघडी. दारं उघडी म्हटल्यावर बाकीचं काय झाकलेलं राहणार? बाईंच्या लेकीचं लग्न ठरलं ते वहिनींना फोन ठेवायच्या आत कळलं, आणि भाऊंच्या घोरण्याचे प्रकार बाईंना तोंडपाठ होते.

या वर्षी हिवाळा सरता सरता वहिनी चार दिवस बहिणीकडे गेल्या. बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आल्या आणि आठ-दहा दिवसांत ऊन तापलं. पहिल्याच कडक संध्याकाळी साडेपाचला वहिनींनी आपलं दार उघडलं, तर समोरचं बंद.

त्यांनी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार वीतभर उघडलं. बाईंच्या गळ्याला रुमाल.

"वहिनी, खोकला झालाय हो. डॉक्टरांनी वाऱ्यात बसू नका म्हणून बजावलंय."

"अगं बाई! कधीपासून? मला काही बोलला नाहीत ते."

"काही विशेष नाही. उतरेल. उन्हाळाभर जरा दार लावूनच ठेवते, रागावू नका हं."

रागवायच्या कसल्या! दुसऱ्या दिवशी वहिनींनी जाडंभरडं कापड काढून बाईंच्या छातीला बांधायला उबदार पट्टा शिवला. आतून मऊ अस्तर, बांधायला बंद, टाके लागू नयेत म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला. बाईंनी तो घेतला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. वहिनींना वाटलं, आजारी माणूस हळवं होतंच.

इकडे घर मात्र ऐकेना. येण्याला वाट आहे पण जाण्याला नाही म्हटल्यावर वारा खिडकीशीच घुटमळे. त्यात यंदा स्वयंपाकघर अंगावर यायला लागलं. स्वयंपाकघराची एक उंच खिडकी तेवढी धूर जायला दिवसभर उघडी असे. ती दोन घरांच्या मधल्या बोळात होती. बोळ कसला, वरपासून खालपर्यंत गेलेली चौकोनी पोकळी. त्यात नळाचे पाइप. त्या खिडकीतून दुपारभर धगधगीत झळा येत. सोबत एक घुमणारा आवाज, तो त्यांनी पाण्याच्या पंपाच्या नावावर टाकला. वहिनींनी सूर्याला चार शिव्या हासडल्या, अस्तराचा तिपेडी जाड पडदा शिवला आणि ती खिडकी कायमची बंद करून टाकली. आपणच आपल्या डोळ्यांवर पट्टी शिवतोय हे त्यांना कुठून कळणार?

त्यांचा तोरा पार उतरला. रात्रीतून पडद्यांची जागा बदल, फरशी दोनदा पूस, ओली चादर दोरीवर टाक. भाऊंना त्या पुन्हा पुन्हा सांगत, "चुकतंय माझं कुठेतरी. सापडेल. दोन दिवस कळ काढा." भाऊ मान हलवत. ते बिचारे कसल्याच तक्रारीचे नव्हते. उलट जेवण झालं की दोनच्या सुमाराला वाचनालयात निघायचे. "वर्तमानपत्रं वाचून येतो. तुला यंत्र चालवायला मोकळं." पाचला परत. निवृत्त नवरा दुपारभर पायात घोटाळत नाही याचं इमारतीतल्या बायकांना कोण कौतुक! वहिनींनीही ते कौतुक गोड मानून घेतलं होतं.

ऐन उन्हाळ्यात वाचनालयाने बाईंचं भाषण ठेवलं. विषय, 'विजेशिवाय गारवा'. बाई आधी नको नको म्हणाल्या, मग झाल्या तयार. वहिनी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. भाऊ मागे, दाराशी.

बाई बोलल्या झकास. शाळेतल्या बाई, फळा म्हणजे त्यांचं अंगण. दोन घरं काढली, दोन दारं काढली, वाऱ्याचे बाण काढले. पडदा काचेच्या बाहेर का, पंख्याने खोलीकडे पाठ का करायची, इस्त्री पहाटे का. वहिनींच्या घरातलं एकूण एक गुपित फळ्यावर आलं. "माझ्या असं लक्षात आलं," असं त्या दोनदा म्हणाल्या. लक्षात आलं होतं वहिनींच्या. पण वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. तुझं-माझं करायला बाई का परक्या होत्या?

शेवटी एक तरुण मुलगी उठली. कुठल्याशा ऑफिसात कारकून असावी. "बाई, खरं सांगा हं. भर दुपारी राहवतं का? एसी घ्यावासा नाही वाटत?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "सवय लागते," त्या म्हणाल्या. मग पहिल्या रांगेकडे बघत, "विचारा ना आमच्या वहिनींना."

सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. चार माणसांत बोलायची वहिनींना सवय नव्हती. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाईंच्या घरी एसी? अहो, बावीस वर्षं मी समोर राहते. खोकल्यामुळे यंदा तर पंखासुद्धा लावत नाहीत. मी साक्ष देते!"

टाळ्या पडल्या. वहिनींनी वळून भाऊंकडे पाहिलं. भाऊ चपलेचा अंगठा नीट करत होते.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे अडीच. वहिनी अकरा हात पडद्याची किनार मारत होत्या. बेल वाजली. दारात खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक मेकॅनिक.

"मावशी, समोरच्यांच्या एसीचं पाणी घरात टपकतंय. बाहेरचा पाइप तुंबला असणार. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात घालावा लागेल."

"समोर एसी नाही," वहिनी म्हणाल्या. "मजला चुकला तुमचा."

"नाही हो, मीच बसवलाय. बोळात पेटी टांगली ना, ती तुमच्याच खिडकीतून टांगली. त्यांच्या बाजूला हात जाईल एवढीही जागा नाही." मग ओळख पटवायला म्हणून तो हसून म्हणाला, "तुम्ही तेव्हा गावाला गेला होता. काका होते ना घरी. चहा पाजला त्यांनी आम्हाला दोनदा."

वहिनी बाजूला झाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेला तो पडदा मेकॅनिकने कडीवरून उतरवला, खिडकी उघडली, आणि एक गरम झोत वहिनींच्या तोंडावर आला. स्टुलावर चढून त्यांनी वाकून पाहिलं. खिडकीखाली हातभर अंतरावर पांढरी पेटी, तिच्यात गरगरणारं पातं, आणि त्याचं तोंड वहिनींच्याच खिडकीकडे.

मेकॅनिकने तार घालून पाइप मोकळा केला. "चालू झालं का बघतो," म्हणून तो समोर गेला. वहिनी त्याच्या मागोमाग गेल्या. टाचण्या तोंडातच होत्या.

बाईंनी दार उघडलं ते मेकॅनिकला आत घ्यायला. त्याच्या पाठीमागे वहिनींना पाहून त्यांचा हात कडीवरच राहिला. उघड्या दारातून गार हवा जिन्यात सांडली, आणि त्या हवेतून वहिनींना पलीकडचा सोफा दिसला. सोफ्याची खोळ वहिनींनीच शिवलेली. त्यावर भाऊ झोपले होते. तोंड उघडं, छातीपर्यंत पांघरूण. भर उन्हाळ्यात, दुपारी अडीच वाजता, पांघरूण.

वाचकांनी भलतंसलतं मनात आणू नये. तसलं काही नव्हतं. तसलं असतं तर बरं झालं असतं असं वहिनींना पुढे कित्येकदा वाटलं. निदान त्याला चार लोकांत नाव असतं, चार बायका जवळ येऊन बसतात. इथे सांगायचं तरी काय? नवरा समोरच्या घरी जाऊन गार झोपतो, म्हणून आकांत करायचा? तरीही केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, हे त्या जिन्यात उभं राहून वहिनींना पुरतं कळलं.

त्यांनी एक एक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

"खोकला बरा आहे ना बाई?" त्या म्हणाल्या.

बाईंचा चेहरा पडला. "लेकीने परस्पर पाठवला हो. मी नको म्हणत होते. मग लावला, आणि... वहिनी, आता वय झालं. सोसत नाही. तुम्हाला सांगायचं तर रोज ठरवत होते. तुमच्या तोंडाकडे बघितलं की जीभ रेटायची नाही."

"मला तुमच्या एसीचं काही नाही. तुमचं घर, तुमची वीज. त्या दिवशी भर सभेत मला उभं का केलंत?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, एवढ्यावर भागलं असतं तर वहिनींनी हसून सोडूनही दिलं असतं. पण पाषाणाला साक्षीदार वहिनी! आता ती कारकून मुलगी कुठे भेटली तर तिला काय सांगायचं, या विचाराने त्यांच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. आतून भाऊंनी कूस बदलल्याचा आवाज आला. वहिनींनी त्यांना उठवलं नाही. त्या घरी आल्या आणि उरलेली किनार मारत बसल्या. किनार वाकडी गेली, उसवली, पुन्हा मारली.

भाऊ पाचला आले. रोजच्यासारखेच, वर्तमानपत्रातली एक बातमी तयार ठेवून. ती सांगायला तोंड उघडलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा जमिनीवर पडलेला पाहून मिटलं.

"कुणी काढला?"

"ज्याला तुम्ही दोनदा चहा पाजलात, त्याने."

भाऊ खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी गुडघ्यांवर हात फिरवले.

"तुम्ही घरात होतात," वहिनी म्हणाल्या. "माझ्या खिडकीतून, माझ्या घराच्या छातीवर ती पेटी लावू दिलीत. दोन महिने मी वेड्यासारखी पडदे शिवत होते. फरशा पुसत होते. माझं काय चुकतंय म्हणून तुम्हालाच विचारत होते. आणि तुम्ही मान हलवत होतात! ताकास तूर लागू दिली नाहीत."

"सांगणार होतो."

"कधी? हिवाळ्यात?"

भाऊ एकदम, भांड्यावरचं झाकण उडावं तसं बोलले, "मला उकडतं गं!"

जमिनीवरचा पडदा उचलायला वाकलेल्या वहिनी सरळ झाल्या.

"उकडतं. खूप उकडतं. आत्ता म्हणून नाही. पेटी लागायच्या आधीही उकडायचं."

"केव्हापासून?"

"काम सुटल्यापासून. सहा वर्षं झाली. भट्टीपुढून उठून आलो की मला जगातली कुठलीही जागा गार लागायची. बस गार लागायची, रस्ता गार लागायचा. घर तर लागायचंच. भट्टी सुटली आणि कळलं, की आपल्या घरात उकडतंय."

"सहा वर्षं," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षं तोंडाला कुलूप होतं?"

"तू विचारलंस कधी?" भाऊंच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "तू सांगायचीस. आज बघा कसं गार केलंय. बघा, शेजाऱ्यांपेक्षा आपलं घर कसं थंड. तुझा तो चेहरा बघून नाही कसं म्हणू? सगळं माझ्यासाठीच चाललं होतं ना."

वहिनींना काय वाटलं, ते स्पष्टच सांगायला हवं. त्यांना भाऊंची दया आली नाही. आपलं चुकलं असंही त्या घडीला वाटलं नाही. ते पुढे वाटलं, पुष्कळ पुढे, आणि तेही अर्धंच. त्या घडीला त्यांना वाटलं की आपल्याला लुबाडलंय. बाईंनी दोन महिने लुबाडलं होतं, या माणसाने सहा वर्षं. खोटं बोलून नव्हे, आपल्या कष्टांवर गोड मान हलवून. रोज पहाटे पाचला ज्याच्यासाठी उठायचं, तो डोळे मिटून पडल्या पडल्या घामाने भिजत होता, आणि त्यांच्या हाताला ते कळलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यानंतर त्याच्या कपाळावर हात ठेवायचं कधी बंद झालं, हेही त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. वहिनींनी यंत्राचा आवाज थांबवला नाही.

दुपारी जेवण झाल्यावर भाऊ उठले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले, हातात कालचंच वर्तमानपत्र.

"वाचनालय बंद आहे का आज?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

"नाही जात. आता कुठेच नाही जात. इथेच बसतो, तुझ्याजवळ."

ते खरंच बसले. अर्धा तास बसले, पाऊण तास बसले. एकदा शर्टाचं वरचं बटण काढलं, मग लगेच पुन्हा लावलं. घामाचा ओघळ कानामागून गळ्यात उतरला तरी तो पुसायला हात वर गेला नाही. पुसला तर ती तक्रार झाली असती. वहिनी सुईतून दोरा ओवत होत्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो ओघळ बघत होत्या. असा माणूस जवळ बसला काय आणि नसला काय. हे बसणंही मान हलवण्यापैकीच होतं.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या. "जा तुम्ही."

हे म्हणताना त्यांच्या मनात काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना वाटत होतं, की भाऊ म्हणतील, नाही, असू दे. एकदाच म्हणाले असते तरी पुरलं असतं. त्यांनी पुढचं वाक्यही जुळवून ठेवलं होतं, की मग उद्या आपण दोघं मिळून त्या पेटीचं तोंड फिरवून घेऊ, बाईंशी बोलू, संध्याकाळी दार उघडायला लावू, काहीतरी मार्ग काढू.

पण भाऊ उठले होते. किती पटकन उठले! गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्चीच्या हाताला धरून, कण्हत उठणारा माणूस, वहिनींचे दोन शब्द पुरे व्हायच्या आत त्याचा एक पाय चपलेत होता.

"येतो गं पाचपर्यंत," ते म्हणाले, आणि जाताना झळा आत येऊ नयेत म्हणून दार हळूच ओढून घेतलं.